नव्या जिम-साहित्याचा उग्र वास: घालवायचा कसा आणि माल परत कधी करायचा?

घरच्या व्यायामासाठी डंबेल, बेंच आणि रबरी मॅट मागवली जाते, खोके उघडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या घराला पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानासारखा वास येतो. मग प्रश्न सुरू होतात. हा वास विषारी आहे का? किती दिवसांत जाईल? मॅट उन्हात टाकावी का? खोलीत धूप फिरवला तर चालेल का? विक्रेत्याला फोन केला तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "नवा माल आहे, वास येणारच, आपोआप जाईल."

हे उत्तर अर्धंच खरं आहे. रबर आणि प्लास्टिकचे बरेचसे वास मोकळी हवा आणि वेळ मिळाला की ओसरतात. पण काही वास बिघाडाचे असतात, काही हलक्या मालाचे, आणि "आपोआप जाईल" म्हणून वाट पाहण्यात माल परत करण्याची मुदत निघून जाते. म्हणून आधी वास कशाचा आहे ते ओळखा, मग त्या वस्तूला साजेशी सफाई करा आणि हे करत असताना परतीच्या तारखेवर नजर ठेवा.

आधी वास ओळखा

सगळं सामान एकाच खोलीत असेल तर नेमकी कोणती वस्तू वास मारते ते कळत नाही. एकेक वस्तू वेगळ्या जागी नेऊन हुंगा. साधारणपणे पुढचे प्रकार आढळतात.

- टायरचा, गंधकाचा वास: रबरी मॅट, रबरी डंबेल, बम्पर प्लेट. कच्चं रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ मध्ये घेतलं. आजही मूळ प्रक्रिया तीच आहे. तिला वेग देणाऱ्या रसायनांचे अंश रबरात राहतात आणि हळूहळू बाहेर पडतात. बेंझोथायाझोल हे त्यातलं एक. काळ्या पृष्ठभागावर रंगीत ठिपके असलेल्या मॅट बहुधा जुन्या टायरच्या चुऱ्यापासून बनवलेल्या असतात. त्यांचा वास ताज्या रबरापेक्षा उग्र असतो आणि जास्त दिवस टिकतो.
- गोडसर, प्लास्टिकचा वास: विनाइलचं आवरण असलेले डंबेल, स्वस्त योगा मॅट, दोरीउड्यांची दोरी, बेंचवरचं रेक्झीन. हे पीव्हीसी असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली थॅलेट वर्गातली रसायनं दीर्घकाळ थोडी थोडी बाहेर येत राहतात.
- अमोनियासारखा वास: एकमेकांत अडकवायच्या फोमच्या रंगीत चौकटी, म्हणजे ईव्हीए फोम. फोम फुगवण्यासाठी वापरलेल्या रसायनातून अमोनिया आणि फॉर्मामाइड तयार होऊ शकतं. याच फॉर्मामाइडमुळे बेल्जियमने डिसेंबर २०१० मध्ये लहान मुलांच्या अशा पझल मॅटची विक्री थांबवली होती.
- डोळ्यांना झोंबणारा वास: बेंचच्या गादीखालची प्लाय किंवा भुशाची फळी आणि तिचा गोंद. त्यातून फॉर्माल्डिहाइड निघू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातलं.
- तेलकट, रॉकेलसारखा वास: लोखंडी बार, प्लेट, स्क्रू. गंज चढू नये म्हणून कारखान्यात लावलेलं हे तेल असतं. घालवायला सगळ्यांत सोपा वास हाच.
- कुबट वास: ओलसर गोदाम, भिजलेला खोका, गादीत शिरलेलं पाणी. हा बुरशीचा वास आहे, तो नव्या मालाचा नसतो.
- जळका किंवा मासळीसारखा वास: ट्रेडमिल, प्लग, सॉकेट. यात वाट पाहू नका. बटण बंद करा, प्लग काढा.

नाकाला कोणत्याही वासाची लवकर सवय होते. वास कमी झाला की आपल्याला जाणवेनासा झाला, हे पाहण्यासाठी पंधरा-वीस मिनिटं घराबाहेर जाऊन परत या, किंवा बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. छोट्या वस्तूंसाठी आणखी नेमकी चाचणी आहे: रेझिस्टन्स बँड किंवा मॅटचा तुकडा काचेच्या बरणीत बंद करून तासभर ठेवा, झाकण उघडून हुंगा. आठवड्याने तेच पुन्हा करा. फरक पडला की नाही ते लगेच कळतं.

वास म्हणजे धोका का?

वास किती तीव्र आहे यावरून तो किती घातक आहे हे ठरत नाही. गंधकाची काही संयुगं हवेत अत्यल्प असली तरी नाकाला कळतात. उलट कार्बन मोनॉक्साइडसारख्या जीवघेण्या वायूला वासच नसतो. त्यामुळे उग्र वास आला म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही आणि वास नाही म्हणून निर्धास्त राहणंही बरोबर नाही.

जिमच्या साहित्याबाबत मात्र एक गोष्ट वेगळी आहे. बसल्या जागी आपण मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो; दमवणाऱ्या व्यायामात हे प्रमाण दहापट किंवा त्याहूनही अधिक होतं. दिवाणखान्यातल्या नव्या सोफ्याचा वास आणि तोंड मॅटपाशी नेऊन जोर काढताना छातीत जाणारा वास यांत म्हणूनच मोठा फरक आहे.

पुढील व्यक्ती घरात असतील तर वास पूर्ण ओसरेपर्यंत नवं साहित्य त्यांच्या खोलीत ठेवू नका:

- दमा किंवा श्वासाचा जुना त्रास असलेले
- गरोदर महिला
- रांगणारी मुलं, कारण ती मॅटला तोंड लावतात
- लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेले (बरेचसे रेझिस्टन्स बँड नैसर्गिक लॅटेक्सचे असतात)

डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, घशात खवखव, मळमळ ही लक्षणं खोलीत गेल्यावर सुरू होत असतील आणि बाहेर आल्यावर थांबत असतील तर संबंध उघड आहे. व्यायाम दुसऱ्या जागी करा. छातीत घरघर होत असेल किंवा धाप लागत असेल तर डॉक्टरांकडे जा आणि घरात कोणतं नवं साहित्य आलं आहे तेही त्यांना सांगा.

आयात मालावर कधी कधी "कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार" कर्करोगाचा इशारा देणारं लेबल असतं आणि ते पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. तिथल्या १९८६ च्या कायद्याच्या यादीत सुमारे नऊशे रसायनं आहेत. लेबलवरून यादीतल्या रसायनाशी संपर्क येऊ शकतो एवढं कळतं. मालात ते किती आहे हे कळत नाही. कायदेशीर कटकट नको म्हणून चाचणी न करताच लेबल लावणाऱ्या कंपन्याही आहेत. केवळ लेबल आहे म्हणून माल टाकून देऊ नका, पण विक्रेत्याकडे चाचणी अहवाल जरूर मागा.

पहिल्या दिवशी काय कराल?

1. खोका उघडण्याआधी आणि उघडताना फोटो काढा. लेबलवरचं उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता, महिना-वर्ष स्पष्ट दिसू द्या.
2. प्लास्टिकचं वेष्टन, थर्माकोल, पुठ्ठा सगळं बाहेर काढा. वास बराचसा त्यातच कोंडलेला असतो. पण परतीची मुदत संपेपर्यंत खोका जपून ठेवा.
3. परत करण्याची शेवटची तारीख मोबाइलमध्ये नोंदवा आणि आठवण त्याआधी दोन दिवसांची लावा.
4. झोपायच्या खोलीत काही लावू नका. बाल्कनी, गॅलरी किंवा खिडकीजवळची जागा निवडा.
5. मॅटवर लगेच जड सामान चढवू नका. खालची बाजू कोंडली की वासही कोंडतो.

वस्तूनुसार सफाई

रबरी मॅट आणि टाइल. बादलीभर कोमट पाण्यात भांडी घासायचं सौम्य लिक्विड दोन चमचे टाका. मऊ ब्रशने दोन्ही बाजू घासा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि मॅट उभी करून वाळवा. खालची बाजू विसरू नका, वासाचा मोठा भाग तिथेच राहतो. टाइल एकावर एक न रचता मध्ये फट ठेवून उभ्या करा. पूर्ण वाळल्याशिवाय अंथरल्या तर रबराचा वास जाईल आणि कुबट वास येईल. हीच सफाई दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा.

रबरावर कधी पांढुरकी पावडर दिसते. ती बुरशीच असेल असं नाही. रबर टिकावं म्हणून घातलेलं मेण किंवा गंधक पृष्ठभागावर येतं, ओल्या फडक्याने पुसलं की जातं.

रबरी डंबेल आणि बम्पर प्लेट. पाण्यात बुडवू नका. रबर आणि लोखंड जिथे जुळतं तिथे पाणी शिरून गंज धरतो. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने.

लोखंडी बार आणि प्लेट. आधी कोरड्या जुन्या कापडाने तेल टिपून घ्या, मग साबणाच्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. समुद्रकिनाऱ्याच्या दमट हवेत उघडं लोखंड पटकन गंजतं, म्हणून बारच्या दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. हे तेल रबराला लागू देऊ नका, खनिज तेलाने रबर फुगतं.

बेंच. वरचं रेक्झीन कितीही पुसलं तरी वास खालून येत राहतो, कारण प्लाय, गोंद आणि फोम खालच्या बाजूला उघडे असतात. गादीचे बोल्ट सैल करून ती काढा आणि उलटी करून काही दिवस हवेशीर जागी ठेवा. रेक्झीनवर स्पिरिट किंवा थिनर लावलं तर ते कडक होऊन तडकतं.

फोमच्या चौकटी आणि योगा मॅट. साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा. उत्पादकाने सांगितल्याशिवाय वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. ईव्हीए फोम कडक उन्हात आकसतो आणि मग चौकटी एकमेकींत बसत नाहीत.

ट्रेडमिल. आधी प्लग काढा, मग फक्त ओलसर फडक्याने पुसा. नव्या मोटरला आणि पट्ट्याला सुरुवातीला हलका वास येऊ शकतो. खिडक्या उघड्या ठेवून मशीन वर कोणी उभं न राहता कमी वेगाने थोडा वेळ चालवा. पट्ट्याखाली माहितीपत्रकात सांगितलेलं सिलिकॉन तेलच घाला. खोबरेल, मोहरीचं किंवा गाडीचं तेल चालणार नाही. वास वाढत गेला, धूर दिसला किंवा प्लग हाताला गरम लागला तर मशीन बंद करून सर्व्हिसवाल्याला बोलवा. ट्रेडमिल एक्स्टेन्शन बोर्डवर लावणं हे प्लग तापण्याचं नेहमीचं कारण आहे. १६ अँपिअरचा थेट सॉकेट वापरा.

घरगुती उपायांपैकी कोणते चालतात?

*उपयोगी पडतात:*

- खायचा सोडा: कापडी किंवा फोमच्या कोरड्या पृष्ठभागावर रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्यूमने किंवा ब्रशने काढा. लोखंडावर नको.
- पांढरं व्हिनेगर: तेवढंच पाणी मिसळून फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याने. ते आम्ल असल्यामुळे अमोनियासारख्या वासावर चांगलं लागू पडतं, टायरच्या वासावर मर्यादित. लोखंडाला लावू नका. ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.
- अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल: याच्या एका ग्रॅमच्या सूक्ष्म छिद्रांचं क्षेत्रफळ शेकडो चौरस मीटर असतं, म्हणून तो वायू धरून ठेवतो. पिशव्या बंद कपाटात किंवा छोट्या खोलीत ठेवा. शेगडीचा साधा कोळसा याच्यापुढे फार कमकुवत असतो.

*टाळा:*

- धूप, उदबत्ती, कापूर, रूम स्प्रे: मूळ वास तसाच राहतो आणि वर धुराची किंवा सुगंधी रसायनांची भर पडते. वास गेला असं वाटून खिडकी बंद होते, हे त्याहून वाईट.
- रॉकेल, पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन: रबर आणि रेक्झीन खराब होतं, शिवाय आगीचा धोका.
- ओझोन सोडणारी यंत्रं: ओझोनने रबराला तडे जातात आणि फुप्फुसांनाही त्रास होतो.
- दिवसभर कडक ऊन: उष्णतेने वास भराभर निघतो हे खरं, पण अतिनील किरणांनी रबर झिजतं. कोवळं ऊन थोडा वेळ, बाकी सावली आणि वारा.

एअर प्युरिफायर घ्यायचा असेल तर एक गोष्ट तपासा. नुसता हेपा फिल्टर धुळीचे कण अडवतो, वायू नाही. वासासाठी त्यात कार्बनचा भरपूर जाड थर लागतो.

हवा खेळती कशी ठेवाल?

सगळ्या उपायांमध्ये खेळती हवा हा सर्वांत परिणामकारक आणि फुकट उपाय आहे. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. एकच खिडकी असेल तर टेबल फॅन तिच्याकडे तोंड करून लावा म्हणजे खोलीतली हवा बाहेर फेकली जाईल.

स्प्लिट एसीबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. तो खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. दारं बंद करून एसीत नव्या मॅटवर व्यायाम करणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर खिडक्या बऱ्याचदा बंद असतात आणि धुतलेली मॅट वाळत नाही. मोठं रबरी फ्लोअरिंग घ्यायचं असेल तर शक्यतो पावसाळा संपल्यावर घ्या. गच्चीत किंवा पार्किंगमध्ये मॅट वाळवायची असेल तर सोसायटीच्या सचिवांना आधी विचारा. थंड देशांत राहणाऱ्या आणि तळघरात किंवा गॅरेजमध्ये जिम थाटणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचण हिवाळ्यात असते. त्यांनी खरेदी वसंतात केली तर मॅट काही आठवडे बाहेर ठेवता येते.

किती दिवस लागतील? तेलाचा वास पुसताच जातो. विनाइल आणि फोमला काही दिवस ते दोन-तीन आठवडे पुरतात. टायरच्या चुऱ्याची मॅट मात्र महिने घेऊ शकते.

परतीची मुदत आणि तुमचे हक्क

अडचण इथेच आहे: परतीची मुदत अनेकदा सात किंवा दहा दिवसांची आणि वास जायला लागतात आठवडे. म्हणून वास जाण्याची वाट पाहत असलात तरी मुदतीच्या आतच लेखी तक्रार नोंदवा. फोनवरचं आश्वासन पुरावा ठरत नाही. ईमेल, अ‍ॅपमधली तक्रार किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश ठरतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातलं आणि त्याखालच्या ई-कॉमर्स नियमांतलं तुमच्या कामाचं एवढं:

- माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर ऑनलाइन मंचावरचा विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. "वासरहित" किंवा "ताजं रबर" असा दावा असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.
- ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.
- तिथे दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.
- त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. वकील असलाच पाहिजे असं नाही.
- दोष ठरवायला चाचणी लागणार असेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्या चाचणीचे पैसे मात्र आधी तक्रारदाराला भरावे लागतात.

वास हा नेहमीच कायद्याने दोष ठरेल असं नाही. तुमची बाजू मजबूत होते ती नोंदींमुळे: कोणत्या तारखेला कोणती सफाई केली, वास किती राहिला, कोणाला काय त्रास झाला.

पुढच्या खरेदीआधी विचारायचे प्रश्न

- रबर ताजं आहे की टायरच्या चुऱ्याचं? शक्य असेल तर टाइलचा छोटा नमुना मागून दोन दिवस घरात ठेवा.
- युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे पीएएच (पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन) रसायनांची चाचणी झाली आहे का? डिसेंबर २०१५ पासून तिथे त्वचेला वारंवार लागणाऱ्या रबर-प्लास्टिकच्या भागांत, खेळाच्या साहित्यातही, या गटातल्या आठ रसायनांपैकी प्रत्येकावर किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. युरोपात माल विकणाऱ्या कंपनीकडे असा अहवाल असायला हवा.
- परतीचं भाडं कोण भरणार? पन्नास किलो प्लेट परत पाठवणं स्वस्त नसतं.
- बिनरबरी पर्याय आहे का? साध्या बिडाच्या प्लेटला रबराचा वास नसतो. युरेथेनचं आवरण महाग, पण वास बराच कमी.

महिन्यानंतरही वास राहिला तर

महिनाभर नीट सफाई झाली, हवा मिळाली आणि तरी बरणीच्या चाचणीत वास पहिल्याइतकाच असेल, तर तो माल घरात ठेवण्याजोगा नाही. आधी लिहिलेल्या तक्रारीचा आधार घेऊन बदली किंवा पैसे मागा. ते मिळेपर्यंत मॅट उघड्या बाल्कनीत ठेवा. आपल्याला नको म्हणून ती मुलांच्या खेळायच्या खोलीत घालू नका.

शेवटी टाकूनच द्यायची वेळ आली तर ती रद्दी-भंगारवाल्याकडे किंवा पालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्या. होळीत किंवा कचऱ्याच्या ढिगावर रबर जाळू नका. जळत्या रबराचा धूर नव्या मॅटच्या वासापेक्षा कितीतरी अधिक विषारी असतो आणि तो सगळ्या वस्तीच्या छातीत जातो.